जॉबरमामांची राहिलेली ओळ

वीस माग एकदम धडधडत असले तरी जॉबरमामा शेडच्या दारात उभे राहायचे, चपला काढायचे, अनवाणी पाय फरशीवर टेकवायचे आणि क्षणभर थांबून म्हणायचे, "सात नंबर. धोटा उशिरा परततोय." जाऊन बघावं तर आडवं सूत नेणारा धोटा फेकायचा, तो सातव्या मागाचाच पट्टा सैल झालेला असायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलं आहे. आणि याच माणसाच्या कानाशी तोंड नेऊन तुम्ही "मामा, चहा घेणार का?" असं विचारलंत, तर त्यांना पत्ताच नसायचा. मग कुणीतरी खांद्याला हात लावला की वळून म्हणायचे, "तोंड दाखवून बोला की. पाठीमागनं बोललेलं मला पोचत न्हाई."

मागाचा बिघाड काढणाऱ्या कारागिराला आपल्याकडे जॉबर म्हणतात. आपल्या गल्लीत हे कुणाला सांगायला नको, पण मंडळाची ही पुस्तिका पुण्या-मुंबईत वाढलेल्या नातवंडांच्याही हाती पडेल, म्हणून सांगून ठेवतो. मामा चौदाव्या वर्षी कारखान्यात लागले. पस्तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कान जायचेच होते. त्याचं त्यांनी कधी दुःख केलेलं मला आठवत नाही. "कान मागाला दिले. डोळे राहिले की," एवढंच म्हणायचे. पुढे त्यांनी स्वतःच्या घरालगतच्या शेडमध्ये चार जुने माग घेतले, तरी दुसऱ्यांच्या शेडमधले बिघाड काढायला ते जातच राहिले आणि गल्लीनं त्यांना मालक कधी म्हटलं नाही. जॉबरमामाच राहिले.

मी बार्शीहून बदली होऊन इथल्या शाळेत आलो तेव्हा मामांच्या शेडला लागून असलेली खोली मला भाड्यानं मिळाली. तिसऱ्याच दिवशी मी तक्रार घेऊन त्यांच्या दारात गेलो. मागांच्या आवाजानं डोकं उठलं होतं. मी तावातावानं बोलत होतो आणि ते माझ्या ओठांकडे इतक्या लक्षपूर्वक बघत होते की माझा राग मलाच वेडपटासारखा वाटायला लागला. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "मास्तर, आठ दिवस थांबा. मग झोप लागंल. पुढं माग बंद पडला की जाग यील." तसंच झालं. महिन्याभरात, वीज जाऊन माग थांबले की मी दुपारच्या झोपेतून दचकून उठायला लागलो.

चालत्या शेडमध्ये कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. त्यामुळे विणकरांची हातांची एक भाषा असते. मूठ छातीवर आपटली की मालक आला. कानाची पाळी ओढली की चहा. दोन बोटं कपाळाला लावली की सूत तुटलं. मामा ही भाषा शेडबाहेरही वापरत. लग्नाच्या मांडवात या टोकाला ते आणि त्या टोकाला त्यांचा जुना सोबती, दोघं पंगत चालू असताना हातवारे करून जेवणावर टीका करायचे आणि एकदमच हसायचे. बाकीच्यांना वाटायचं, आपल्यालाच हसतायत. मामी म्हणायच्या, "यांच्याशी भांडायचं म्हंजे समोर बसून भांडावं लागतं. पाठ फिरवली की हे जिंकले." मामींचं माहेर तेलंगणाच्या बाजूचं. घरात दोघं तेलुगूत बोलत, आमच्याशी मराठीत. एखादी गोष्ट मनापासून आवडली की मात्र मामांच्या तोंडून "बागुंदी"च निघायचं. छान, असं त्यांना मराठीत म्हणवतच नसे.

मग माग बंद पडत गेले. ती कथा तुम्हाला ठाऊक आहे. मामांनीही आपले चारही माग भंगारात दिले, पण ज्यावर ताण्याचं सूत गुंडाळतात ती दोन लाकडी बीमं ठेवून घेतली. शेडच्या मागे एक लांबलचक मोकळी पट्टी होती. त्यांच्या वडिलांच्या काळात हातमागाचं सूत तिथे लांब ताणून त्याला खळ लावायचे. सुताच्या लांबीची जागा ती, म्हणून लांब. आता तिथे गवत वाढलं होतं आणि कामं सुटलेल्या घरांतली मुलं शेडच्या पायरीवर दिवसभर गुटखा थुंकत बसत होती. एक दिवस मामांनी गवत काढलं, त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन खड्डे घेतले आणि ती बीमं उभी पुरली. खो-खोचे खांब तयार झाले.

पायरीवरच्यांपैकी एक जण म्हणाला, "मामा, क्रिकेट आणा की. खो-खो काय बे, लहान पोरांचा."

मामांनी त्याच्या ओठांवरून ते उचललं. "क्रिकेटला बॅट लागती, बॉल लागतो, आणि अकरातले नऊ जण नुसते हुबे. खो-खोला काय लागतंय? पाठ. ती हाय न्हवं तुला?"

तो मुलगा व्यंकटेश. आज मंडळाचा अध्यक्ष आहे. त्या खांबांभोवतीच आपलं मंडळ उभं राहिलं आणि मी त्याचा सेक्रेटरी झालो, कारण गल्लीत अर्ज लिहिणारा मीच होतो.

ज्याला ऐकू येत नाही अशा माणसानं खो-खो शिकवावा ही गंमतच. खो देताना पाठीला हात लागला पाहिजे आणि तोंडानं "खो" म्हटलं पाहिजे. मुलांनी पहिल्याच आठवड्यात लबाडी सुरू केली. नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही, मामांना काय कळतंय. मामांनी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "खो दिला न्हाई." मुलं शपथेवर सांगायला लागली. मामा म्हणाले, "तुज्या तोंडाकडं कोण बगतंय? बसलेल्याची पाठ बगतोय मी. खरा खो बसला की पाठ आधी जागी हुती, मग गडी उठतो." पुढे कितीतरी वर्षं मी सामने पाहिले. मामांचं हे म्हणणं मला एकदाही खोटं ठरलेलं दिसलं नाही.

मुलांना त्यांनी शेडमधली हातांची भाषाही शिकवली. बार्शीच्या सामन्यात मामा मैदानाबाहेर उभे राहून कपाळाला बोटं लावत होते, कान ओढत होते, आणि आमची मुलं बरोबर दिशा बदलत होती. पंच आले. म्हणाले, "काका, तुम्ही बाहेरून खुणा करताय."

"खाज सुटली, साहेब."

"इतक्या ठिकाणी?"

"कापसाच्या धंद्यातला मानूस हाय मी," मामा म्हणाले. "सगळीकडंच सुटती."

पंच हसले, पण मामांना दोरीपासून दहा पावलं मागे पाठवलं. तो सामना आपण हरलो. येताना एसटीत मामा खुशीत होते. बार्शीच्या एका पोराची उडी त्यांना फार आवडली होती. वाटभर "बागुंदी, बागुंदी" चाललं होतं.

आता मुलींचं सांगतो. खरं म्हणजे हे लिहायला बसलो ते त्यासाठीच. मामींच्या दारात दुपारी सात-आठ मुली विड्या वळायला बसायच्या. शाळा सुटली की मांडीवर सूप घ्यायचं, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा आणि दिवे लागेपर्यंत मान वर करायची नाही. एकदा मामी मामांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रोज पोरांच्या पाठी बगताय. ह्या पोरींच्या बगा की एकदा."

मामांनी बघितल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मास्तर, पोरींची टीम करू. बसायला ह्यांना शिकवायला नको, ते येतंयच. उठायचं तेवडं शिकवू."

ती टीम चार महिने टिकली. तेवढ्या दिवसांत मामांचा चेहरा काही वेगळाच झाला होता. आठवड्यातले तीन दिवस मुलींचे. मुलगे भिंतीबाहेर. विड्या वळणाऱ्या मुलींतल्या सरोजासारखी चपळ पळणारी मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. तिचा हात पाठीवर पडला की आवाज व्हायचा. माझी धाकटी वैशालीही त्यात होती. चौदा वर्षांची होती. घरी मान खाली घालून असायची आणि तिथे मामांशी चक्क भांडायची. "मामा, मी बाद नव्हते."

"हुतीस."

"नव्हते. तुम्ही नीट बघितलं नाही."

"पुना बोल. तोंड दाखवून बोल. भांडायचं तर तोंड दाखवून."

ती तोंड दाखवून भांडायची. आणि एकदा मामांनी तिचं ऐकून निर्णय फिरवला, तेव्हा तिनं मला घरी येऊन ते तीनदा सांगितलं.

मग टीममधल्या एका मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. मुलाकडची माणसं म्हणाली, मुलगी मैदानात पोरांसमोर पळते. पोरं तिथे नसायची, पण ते कोण ऐकतो. गल्लीत कुजबुज झाली. त्या वेळचे अध्यक्ष, आता ते नाहीत, माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमची पोरगी पण जाते म्हणून लोक गप्प आहेत. तुम्हीच विचार करा." मी विचार केला तो असा, की दुसऱ्या दिवसापासून वैशालीला पाठवलं नाही. शाळेत तीस वर्षं मुलींनी शिकावं म्हणून भाषणं देणारा मी. सगळ्यांत आधी माझी मुलगी बंद झाली. मास्तरांचीच मुलगी जात नाही म्हटल्यावर आठवड्यात बाकीच्या घरांनीही मुली बंद केल्या.

मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. तीन संध्याकाळी ते एकटे खांबापाशी उभे असलेले मी माझ्या खिडकीतून पाहिले. चौथ्या दिवशी ते मामींच्या दारात विड्या वळणाऱ्या मुलींसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "पोरींनो, जागा माजी हाय. जरा थांबा. बगतो मी."

हे बोलणं त्या मुलींनी किती घट्ट धरून ठेवलं होतं, ते मला वीस वर्षांनी कळलं.

पुढच्याच वर्षी मामांच्या छातीनं दगा दिला. कापसाची तूस पस्तीस वर्षं आत जात होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक पुतण्या भिवंडीत होता, त्याला काही नको होतं. एका सकाळी मामांनी मला बोलावलं. "मास्तर, कागद करायचाय. माज्यानंतर शेड आनि मागची जागा मंडळाला. पोरांच्या खेळाला आनि अभ्यासाला. विकायची न्हाई, लग्नाला भाड्यानं द्यायची न्हाई." मामींच्या हयातीपर्यंत घर मामींचं, त्यानंतर तेही मंडळाचं. ते बोलत होते आणि मी त्यांच्या बोलण्याचं कागदी मराठी करत होतो. सगळं झाल्यावर त्यांनी मामींकडे पाहिलं. मामींनी मान हलवली. मग म्हणाले, "आता शेवटचं लिवा." मी लिहिलेली ओळ अशी:

'मागील मोकळी जागा दर मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी संध्याकाळी फक्त मुलींना खेळण्यासाठी राहील. एकच मुलगी आली तरी त्या वेळी जागा तिची.'

"वाचा," मामा म्हणाले.

मी कागदावर मान घालून वाचलं.

"तोंड वर करून वाचा, मास्तर. मला कळू दे काय लिवलंय ते."

मी तोंड वर करून वाचलं. त्यांनी माझ्या ओठांवरून प्रत्येक वार उचलला आणि बोटांवर मोजला. मग म्हणाले, "बागुंदी." साक्षीला गल्लीतले डॉक्टर आणि पोस्टात काम करणारे शेजारी आले. दोघांनी मजकूर न वाचताच सह्या केल्या. डॉक्टर म्हणाले, "मास्तरांनी लिहिलंय म्हणजे बघायचं काय?"

मामा गेले. दिवसकार्य झाल्यावर पुढच्या रविवारी शेडमध्ये सगळी गल्ली जमली. कागद मी वाचणार होतो. आत शिरताना अध्यक्षांनी माझा दंड धरला. "मास्तर, त्यात पोरींचं काही नाही ना? असेल तर जागा घ्यायच्या ठरावाला लोक हात वर करणार नाहीत. जागा तशीच पडून राहील." ही भीती अगदीच खोटी नव्हती. बरीच वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. जागा वाचवण्यासाठी ओळ गाळली, असं. पण समोर बसलेल्या माणसांत कुणीतरी उठून विचारेल, "मग तुमची पोरगी का बंद केली, मास्तर?" ही भीती त्याहून मोठी होती. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मी वाचत गेलो. विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, इथपर्यंत आलो आणि कागदाची घडी घातली. टाळ्या झाल्या. सगळे हात वर झाले.

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पण ती ओळ त्यांच्यासमोर दोनदा वाचली होती. गर्दी हलल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, एक ओळ राहिली की."

"पुढं वाचू, मामी," मी म्हणालो. "जरा निवू दे."

त्या "बरं" म्हणाल्या. त्या बाईचा माझ्यावर विश्वास होता. सेक्रेटरी म्हणून कागद माझ्याच कपाटात राहिला. वकिलांकडची, कचेरीतली सगळी कामं मीच केली. मंडळातल्या कुणी तो मागितलाही नाही. मामी सहा महिन्यांनी विचारायच्या, मग वर्षानं विचारायच्या. "निवलं का, मास्तर?" त्यात टोमणा नसायचा, म्हणून ते जास्त लागायचं. सात वर्षांनी त्या गेल्या. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो होतो. त्यांनी विचारलं नाही. मी बोलेन म्हणून त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी औषधांची चौकशी करून उठलो.

मंडळ वाढलं. ते खोटं नाही. मामांच्या जागेवर खेळलेली मुलं पोलिसात गेली, रेल्वेत लागली, दोघं राज्याच्या संघात खेळली. शेडमध्ये अभ्यासिका झाली. गुटख्याची पायरी आता चपला काढायला वापरतात. दर वर्षी मामांच्या पुण्यतिथीला फोटोला हार घालायचा आणि मामांचा जुना शेजारी म्हणून माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, हे ठरलेलं. माझ्या कपाटात अठरा शाली आहेत. त्यांच्याच खाली तो कागद होता.

या वर्षी व्यंकटेश म्हणाला, मामांवर पुस्तिका काढू, पहिला लेख तुमचा. मी तीन पानं लिहिली. धोटा, अनवाणी पाय, बार्शीचे पंच, सगळं होतं. ती पानं द्यायला मी मैदानावर गेलो तर फाटकापाशी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी व्यंकटेशशी बोलत होती.

"काका, आमीबी खेळू का? शाळंत खेळतो आमी."

व्यंकटेश वाईट माणूस नाही. त्यालाही दोन मुली आहेत. तो तिला समजावून म्हणाला, "बाळ, मामांनी जागा पोरांसाठी दिली. कागदच तसा आहे. विचार हवं तर मास्तरांना, त्यांनीच लिहिलाय."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिशातली पानं चाचपली. ती गेल्यावर मी विचारलं, "कुणाची रे?"

"सरोजाची धाकटी."

मी ती तीन पानं खिशातून काढलीच नाहीत. म्हणालो, "रविवारी सगळ्यांना बोलाव. बायकांनाही. मला कागद वाचायचाय."

"वाचलाय की तुम्ही."

"सगळा नाही वाचला."

रविवारी शेड भरली. मी उभा राहिलो. आधी सांगितलं की मी काय केलं. अध्यक्षांनी दंड धरल्याचं सांगितलं, पण तेवढ्यावर थांबलो नाही. वैशालीचं सांगितलं. मामी विचारायच्या ते सांगितलं. मग कागद उघडून ती ओळ वाचली.

मग व्यंकटेश उठला. त्याचा चेहरा उतरला होता. "मास्तर, आता तीस पोरं आहेत. मंगळवारी कुठं जातील ती?"

"बाहेर बसतील," मी म्हणालो. "मामांच्या वेळी तूपण बसायचास."

मागून कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, वीस वर्षांची वहिवाट आहे. कुणी म्हणालं, मास्तरांचं वय झालंय, वाढवून सांगत असतील. डॉक्टर आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून आधी स्वतःची सही बघितली, मग पहिल्यांदाच वरचा मजकूर वाचला. वाचून म्हणाले, "आहे. आणि मी तेव्हाच वाचायला हवं होतं."

तेवढ्यात बायकांतून सरोजा उभी राहिली. आता चाळिशीकडे झुकली आहे, अजून विड्या वळते. म्हणाली, "म्हंजे मामा इसरले न्हवते?"

"नाही."

"आमाला म्हनले हुते, थांबा, बगतो मी. आनि गेले तर कागदात पोरांचंच. मला वाटलं, निस्तं बोलायला बोलले." तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "वीस वरसं रस्त्यावरनं जाते, मास्तर. ह्या शेडीत पाय न्हाई ठिवला मी. त्यांच्या फोटोला कदी हात जोडला न्हाई."

मामांच्या जागेबद्दल मी जे केलं ते वाईटच होतं. पण मामांबद्दल मी काय करून ठेवलं होतं, ते मला त्या क्षणी समजलं. ज्या माणसानं दिलेला शब्द कागदावर उतरवून घेतला, माझ्या ओठांवरून तपासून घेतला, त्याला मी त्याच्याच मुलींपुढे खोटं पाडलं होतं. जॉबरमामा विसरले नव्हते. हे एकदा छापून यावं, म्हणून हा लेख.

"पुना वाचा," सरोजा म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. तिनं दारातून हाक मारून आणखी दोघींना आत बोलावलं. त्या टीममधल्याच होत्या. "ह्यांना वाचा." त्यांना वाचलं. मग कुणाची तरी सून आली, कुणाची बहीण आली. व्यंकटेशनं मला खुर्ची दिली. त्या दुपारी ती ओळ मी सात वेळा वाचली. त्यानंतर हात वर करायला कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. व्यंकटेशनं भिंतीवरचं वेळापत्रक काढलं आणि दुसरा कागद शोधायला तो आत गेला.

घरी येऊन वैशालीला फोन लावला. ती पुण्यात असते. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग मी तिला ती ओळ वाचून दाखवली.

"बाबा," ती म्हणाली, "त्यात कुणाकुणाची नावं आहेत का?"

"नाही. नुसतं मुलींना, एवढंच आहे."

"म्हणजे मी पण होते त्यात."

"होतीस," मी म्हणालो.